एस्टीमच्या १.३ इंजिनासाठी कोणता इनटेक मॅनिफोल्ड घ्यावा? ऑनलाइन मिळणारा मोठ्या प्लेनमचा की पुण्यातच बनवून?

तुम्ही दिलेली माहिती अशी: एस्टीम, १२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन, टर्बो नाही, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्यांचा संच) बसवलाय, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) अजून कंपनीचाच. वापर रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आणि रविवारी ताम्हिणी किंवा खंबाटकी.

मग ऑनलाइन दिसणारा तो चकचकीत, आखूड रनर (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्या) आणि भल्यामोठ्या प्लेनमचा (त्या नळ्यांआधीची हवेची पेटी) मॅनिफोल्ड घेऊ नका. तसली रचना टर्बो इंजिनांच्या किंवा सतत ७०००-८००० आरपीएमवर धावणाऱ्या गाड्यांच्या कामाची. तुमच्या गाडीला तो लावलात तर ३००० च्या खालचा पिकअप जाईल आणि वर जे मिळायला हवं, ते घ्यायला कंपनीचा कॅम तयार नसेल. मॅनिफोल्डने ताकद हवेतून पैदा होत नाही, ती कोणत्या आरपीएमला मिळणार एवढं तो ठरवतो. म्हणून आधी कॅम ठरवा, मग मॅनिफोल्ड. आणखी एक: सुझुकी स्विफ्ट जीटीआयचं जी१३बी इंजिन नावाने जवळचं वाटतं, पण ते ट्विन कॅम आहे, हेड पूर्ण वेगळं. त्याचा मॅनिफोल्ड इथे बसत नाही.

आता रनरची लांबी. इनटेक व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली गेला की कमी दाबाची लाट रनरमधून प्लेनमकडे जाते, तिथे उलटते आणि जास्त दाबाची लाट होऊन व्हॉल्व्हकडे परत येते. व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत ती पोचली तर थोडी जादा हवा आत ढकलते. ३५ अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३५० मीटर, म्हणजे ३५ सेंटिमीटरच्या रनरमध्ये जाऊन-येऊन २ मिलिसेकंद. ६००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक ७२ अंश फिरतो. ढोबळ हिशोब असा: १०,००० आरपीएमला १८ सेंटिमीटर, आणि दर हजार आरपीएम खाली आलात की ४.३ सेंटिमीटर वाढवा. ६००० ला ३५, ६५०० ला ३३. ही लांबी व्हॉल्व्हपासून बेलमाउथच्या (प्लेनममधल्या रनरच्या पसरट टोकाच्या) तोंडापर्यंतची, फ्लँजपासूनची (हेडला बोल्टने बसणाऱ्या पट्टीपासूनची) नव्हे. बरेच जण इथेच चुकतात. हेडमधला पोर्ट वाकवलेल्या तारेने मोजा आणि वजा करा. तो ९ भरला तर ३५ साठी रनर २६ सेंटिमीटरचा.

लांबीपेक्षा जास्त नुकसान जाडीत होतं. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५. ६५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.४ मीटर येतो. त्याला बोअरच्या आणि रनरच्या क्षेत्रफळाच्या गुणोत्तराने गुणलं की रनरमधल्या हवेचा वेग मिळतो. आतला व्यास ३४ मिमी असेल तर ७७ मीटर, ४२ मिमी केलात तर फक्त ५१. रस्त्यावरच्या गाडीला मी ७० ते ८० च्या आसपास राहीन. त्यापेक्षा जाड पाइप घेतला तर आवाज छान येतो, गाडी ओढत नाही.

प्लेनम इंजिनाच्या क्षमतेइतका, म्हणजे १.३ लिटर, पुरे. थ्रॉटल (हवेची झडप) प्लेनमच्या एका टोकाला असेल तर वरच्या आरपीएमला लांबच्या सिलिंडरकडे जास्त हवा जाण्याची प्रवृत्ती असते. पेट्रोल मात्र चौघांना सारखंच मिळतं, त्यामुळे तो सिलिंडर लीन होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) नॉक करतो. प्लेनम त्या टोकाला निमुळता ठेवा आणि नंतर चारही प्लग काढून रंग बघा.

बनवून घ्यायचा असेल तर फ्लँज १० ते १२ मिमी जाड ६०६१ अ‍ॅल्युमिनिअमचा, जुन्या गॅस्केटवरून आराखडा काढून कापून घ्या. हे काम भोसरी एमआयडीसीत होतं. पाइप आणि प्लेनमचा पत्रा ३ मिमी, टिग वेल्डिंग, ४०४३ ची फिलर रॉड. वेल्डिंग करताना फ्लँज एखाद्या भंगारातल्या हेडवर बोल्टने आवळूनच ठेवा, नाहीतर केळ्यासारखा वाकतो. तरीही थोडा वाकतोच, म्हणून शेवटी सरफेस मारून (घासून सपाट करून) घ्या. सरळपट्टीखाली ०.०५ मिमीची फीलर जाता कामा नये. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा अर्धा मिमी लहान चालेल. मोठं असेल तर हवेच्या वाटेत पायरी येते, ते चालत नाही. इंजेक्टरचा कोन जुन्यासारखाच, व्हॉल्व्हच्या पाठीवर नेम धरलेला.

जुना काढण्याआधी त्याचे फोटो काढा. ब्रेक बूस्टर, पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ ओढणारा व्हॉल्व्ह), मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), आयडल एअर, कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) यांच्या नळ्या कुठे जातात ते लिहून ठेवा. कूलंट त्यातून फिरतं का, थर्मोस्टॅट त्याच्यावरच बसतो का, हेही बघा. नवा तयार झाल्यावर कूलंटला वाट नाही असं लक्षात येणं महागात पडतं. बसवताना नवा गॅस्केट, एम८ बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत, २० ते २३ न्यूटन-मीटर. आयडल १५०० वर अडकला किंवा हंटिंग करू (सारखा वर-खाली होऊ) लागला तर कुठेतरी हवा ओढली जातेय असं समजा. स्मोक टेस्ट करून घ्या. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून लीक शोधू नका, आग लागते. वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून ट्यूनिंग केल्याशिवाय फुल थ्रॉटल देऊ नका. फुल थ्रॉटलला ते प्रमाण १२.८ ते १३.२ हवं.

एवढा खर्च करण्याआधी थंड हवा आत येईल याची सोय करा. आत जाणारी हवा १० अंशांनी तापली की घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते, आणि एप्रिलमध्ये ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली यापेक्षा बरंच जास्त तापतं. हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये ५ मिमी हायलमचा (उष्णता अडवणाऱ्या फायबर शीटचा) स्पेसर टाकला तर मॅनिफोल्ड कमी तापतो. तेवढे बोल्ट लांब घ्या आणि ते ५ मिमी रनरच्या लांबीत धरा.

थ्रॉटल बॉडी मोठी घ्यावी का, हेही तुम्ही विचारलंय. स्कॅनरवर मॅप सेन्सर बघा. इंजिन बंद, चावी ऑन: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसेल. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल देऊन वरच्या आरपीएमला शेजारी बसलेल्याला आकडा वाचायला सांगा. फरक २-३ असेल तर थ्रॉटल बॉडी अडवत नाहीये. ५ च्या वर गेला तर फिल्टर काढून एकदा पुन्हा बघा. फरक तरीही तेवढाच राहिला, तरच मोठी घ्या.