शाळकरी मुलांना जगातल्या घडामोडींशी खरंच काही देणंघेणं असतं का?

तुम्ही विचारलंय, की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना जगात काय चाललंय याची काही पडलेली असते का, की सगळा वेळ रील्समध्येच जातो. मी सोळा वर्षांची आहे, अकरावीत शिकते. म्हणजे ज्यांच्याबद्दल विचारलंय त्यांच्यातलीच. सगळ्यांच्या वतीने बोलणार नाही, कारण माझ्या वर्गात कुठल्या देशात कधी निवडणूक आहे हे तोंडपाठ असणारा मुलगा आहे आणि बातमी म्हटलं की कानात इअरफोन घालणारी मुलगीही आहे.

तर, पडलेली असते. आमची खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल मोठी माणसं फारशी बोलत नाहीत, कारण त्यांना ती कधी आलेलीच नसते.

आमचं इतिहासाचं पुस्तक दुसरं महायुद्ध, शीतयुद्ध असं करत फार तर 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला इथवर येतं, आणि तोवर परीक्षा जवळ आलेली असते. बातमी सुरू होते काल रात्रीपासून. मधली तीस-पस्तीस वर्षं कुठेच नाहीत. ती पुस्तकात नाहीत, कारण अजून पुरेशी जुनी झालेली नाहीत. आणि बातमीत नाहीत, कारण ती सगळ्यांना माहीतच आहेत असं धरून चाललेलं असतं. तुम्हाला ती शिकावी लागली नाहीत, तुम्ही ती जगलात. आम्ही मात्र एखादी मालिका पाचशेव्या भागापासून बघायला बसल्यासारखे असतो. कोण कुणाचा कोण लागतो ते कळत नाही, आणि विचारलं तर घरचे म्हणतात, 'शांत बस, महत्त्वाचं चाललंय.'

युक्रेनचं उदाहरण घ्या. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने हल्ला केला तेव्हा मी प्राथमिक शाळेतून नुकती वर आले होते. तेव्हा समजलं ते एवढंच, की एक मोठा देश एका लहान देशात शिरला. नंतर केव्हातरी कळलं, की 2014 मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला होता, म्हणजे ज्याला सगळे 'सुरुवात' म्हणत होते ती सुरुवात नव्हतीच. मग कळलं, की 2008 मध्ये बुखारेस्टच्या शिखर बैठकीत नाटोने, म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी आघाडीने, युक्रेन आणि जॉर्जिया पुढे कधीतरी सदस्य होतील असं जाहीर केलं होतं, तारीख न देता. आणि त्याच्याही मागे 1994 चा बुडापेस्ट करार. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनच्या भूमीवर उरलेला अण्वस्त्रसाठा जगात तिसऱ्या क्रमांकाचा होता. तो त्यांनी सोडून दिला आणि बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि खुद्द रशियाने त्यांच्या सीमांचा मान राखू असं लिहून दिलं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा ती बातमी 'लागली'. तोवर नकाशावरचे बाण बघत होते, इतकंच. आज उत्तर कोरिया किंवा इराणच्या अणुकार्यक्रमाची बातमी आली, की मला आधी 1994 आठवतं. आपल्या हातातलं अस्त्र कुणी का सोडावं, हा प्रश्न तिथून आलेला आहे. पण तो मला कुठल्याच बातमीने सांगितला नव्हता.

या मधल्या रिकाम्या वर्षांचा एक दुसरा परिणामही होतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. गोष्ट कुठल्या तारखेपासून सांगायची हे जो ठरवतो, तो दोषी कोण हेही जवळपास ठरवून टाकतो. गाझाबद्दल बोलणारा एक माणूस 7 ऑक्टोबर 2023 पासून सुरू करतो, हमास या पॅलेस्टिनी संघटनेने इस्राएलवर केलेल्या हल्ल्यापासून. दुसरा 1948 पासून, इस्राएल स्थापन झाला तिथून. तिसरा 1967 च्या युद्धापासून. चौथ्याला इस्राएल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधला 1993 चा ओस्लो करार आणि तो पुढे का फसला हे महत्त्वाचं वाटतं. चौघंही खऱ्या घटना सांगत असतात. पण ज्याला यातली एकच तारीख ठाऊक आहे, त्याच्यापुढे निकाल आधीच लागलेला असतो. आणि आमच्या वयाच्या मुलाला बहुतेक वेळा एकच तारीख ठाऊक असते, जी त्याच्या फोनवर पहिल्यांदा आली ती. वर्गात या विषयावर वाद झाला की मुलं एकमेकांशी भांडतात असं दिसतं, पण खरं तर वेगवेगळ्या वर्षांपासून सुरुवात केलेले दोन व्हिडिओ एकमेकांशी भांडत असतात. आमच्या एका बाईंनी एकदा फळ्यावर फक्त तारखा लिहून घेतल्या, मत कुणीच मांडायचं नाही या अटीवर. तो तास मला अजून आठवतो. आवाज कमी झाला होता, मतं मात्र फारशी बदलली नव्हती.

रील्सबद्दलचा तुमचा टोमणा मला मान्य आहे, पण अर्धाच. रिकामी जागा असली की ती कोणीतरी भरणार. तीस वर्षांचा इतिहास नव्वद सेकंदांत सांगणारा माणूस आमच्यापर्यंत पोहोचतो, कारण दुसरं कोणी तो सांगायला आलेलंच नसतं. काही जण उत्तम सांगतात, हे मुद्दाम सांगते. सुएझ कालव्यात मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचं 400 मीटर लांबीचं जहाज आडवं अडकलं होतं. सहा दिवस तो कालवा बंद होता. जगाचा व्यापार कुठल्या चिंचोळ्या जागांतून जातो हे मला त्यावरच्या एका छोट्या व्हिडिओने कळलं, भूगोलाच्या धड्याने नाही. म्हणूनच पुढे 2023 च्या अखेरीस येमेनमधल्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून का जाऊ लागली हे मला वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही.

पण त्याच रस्त्याने कचराही येतो. 'आर्मा 3' नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतकी फिरली, की गेम बनवणाऱ्या कंपनीला 2022 मध्ये खुलासा करावा लागला. गंमत अशी, की हे आमच्या वर्गातल्या गेम खेळणाऱ्या मुलांनी लगेच ओळखलं आणि घरातल्या मोठ्यांनी पुढे पाठवलं. मे 2023 मध्ये पेंटागॉनजवळ, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयाजवळ, स्फोट झाल्याचं एक बनावट छायाचित्र पसरलं, आणि अमेरिकेचा शेअर बाजार थोडा वेळ का होईना खाली आला. शेअर बाजारात शाळकरी मुलं नसतात. तेव्हा फसण्याचा मक्ता फक्त आमच्याकडे आहे असं समजू नका.

मी स्वतः काय करते? काहीच भारी नाही. एखादी गोष्ट धक्कादायक वाटली, की तीच पोस्ट निरखत बसत नाही, तिच्यातून बाहेर पडून दुसरीकडे कोणी तेच म्हणतंय का ते बघते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी व्यावसायिक तथ्य-तपासनीस, इतिहासाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी अशा तीन गटांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या होत्या. तपासनीस चटकन त्या पानावरून उठून इतरत्र शोधायला गेले, आणि बाकीचे बरेच जण त्याच पानाचा लोगो, मांडणी आणि भाषा पारखत राहिले. आम्हाला शाळेत नेमकं उलटं शिकवतात: नीट, पूर्ण, लक्ष देऊन वाचा. धड्यासाठी ते बरोबर आहे. इंटरनेटसाठी नाही.

आता शाळेतल्या 'चालू घडामोडी'. हा विषय आमच्याकडे एका ओळीच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात येतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य किती? पाच. एकूण सदस्य किती? पंधरा. एक गुण, एक गुण. पण 25 फेब्रुवारी 2022 ला, म्हणजे हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्या परिषदेत रशियाविरुद्ध ठराव आला. पंधरापैकी अकरा देशांनी बाजूने मत दिलं, तिघे तटस्थ राहिले, आणि तरी तो पडला, कारण विरोधातलं एकमेव मत रशियाचं होतं आणि पाच कायम सदस्यांपैकी एक म्हणून रशियाकडे नकाराधिकार, म्हणजे एकट्याने ठराव पाडण्याचा हक्क, आहे. ही एक घटना नीट सांगितली असती, तर ते पाच आणि पंधरा हे आकडे मला पाठ करावेच लागले नसते. आमचा कंटाळा घटनांचा नसतो हो, या पद्धतीचा असतो.

आणि काही बातम्या अशा असतात, की ज्यांत आम्ही प्रेक्षक नसतो. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवता येणार नाहीत असा कायदा नोव्हेंबर 2024 मध्ये केला, आणि तो 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. मोठ्यांनी त्यावर खूप लिहिलं. त्यातला मला आवडलेला तपशील फारसा कुणी बोललं नाही: शिक्षा मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना आहे, जवळपास 5 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. माझं मत विचाराल तर मला हा कायदा पूर्ण पटत नाही, पण दंड कुणाला करायचा हे त्यांनी बरोबर ओळखलंय असं वाटतं. माझ्या मैत्रिणींमध्ये यावर दोन तट आहेत, आणि बंदीच्या बाजूच्या मुली संख्येने कमी नाहीत. हे ऐकून मोठ्यांना नेहमी आश्चर्य वाटतं.

नेपाळमध्ये सप्टेंबर 2025 मध्ये जे झालं, त्याच्या बातम्या वाचताना मात्र मला राग आला होता. सरकारने 26 समाजमाध्यमांवर बंदी घातली, तरुण रस्त्यावर आले, 8 सप्टेंबरला गोळीबार झाला आणि एका दिवसात 19 जण मेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. घरी आलेल्या एका काकांनी त्याचं सार काढलं: 'फोन बंद केला म्हणून पोरांनी देश पेटवला.' त्या मुलांच्या हातातल्या फलकांवर भ्रष्टाचाराबद्दल लिहिलेलं होतं, पुढाऱ्यांच्या मुलांच्या चैनीबद्दल लिहिलेलं होतं. रोजगारासाठी देश सोडून जावं लागणाऱ्या माणसांचा तो देश आहे. बंदी ही शेवटची काडी होती. संसद पेटवणं मला पटलेलं नाही, ते तिथल्याही अनेकांना पटलं नाही. पण आमच्यासारख्या तरुण पिढीवर 'जेन झी' असा शिक्का मारला, की मग कारणं शोधायची गरज उरत नाही, याचा मला वैताग येतो.

हवामानाच्या बातम्या आम्ही तुमच्याहून वेगळ्या वाचतो, हे मात्र खरं. तुम्ही त्यात '2050 पर्यंत' असं वाचता तेव्हा ती लांबची तारीख असते. मी आपोआप वजाबाकी करते: तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची असेन, म्हणजे आज माझी आई आहे साधारण तेवढी. 2015 च्या पॅरिस करारात तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करू असं ठरलं, तेव्हा मी बालवाडीच्या आसपास होते. 2024 हे त्या दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. एका वर्षाने करार मोडला असं होत नाही, तो हिशोब अनेक वर्षांच्या सरासरीचा असतो, आणि हे न सांगणाऱ्या मथळ्यांमुळेच माझ्या वयाची काही मुलं 'आता काय उपयोग' म्हणून बातम्याच बंद करतात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सोळा मुला-तरुणांनी सरकारविरुद्ध खटला भरला होता. 2020 मध्ये दावा दाखल झाला तेव्हा त्यातलं सर्वांत लहान मूल दोन वर्षांचं होतं. ऑगस्ट 2023 मध्ये ते जिंकले, आणि डिसेंबर 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. स्वच्छ पर्यावरणाचा हक्क त्या राज्याच्या घटनेतच लिहिलेला आहे, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. मोर्च्यांच्या फोटोंपेक्षा मला हे जास्त आवडलं, कारण यात कुणीतरी जुना कागद शोधून काढला होता.

मतदानाचं वय सोळा करावं का, असंही हल्ली आम्हाला विचारतात. ऑस्ट्रियात 2007 पासून आहे, ब्राझीलमध्ये 1988 पासून सोळाव्या वर्षी ऐच्छिक आहे. मला स्वतःला घाई नाही. मधली तीस वर्षं कळल्याशिवाय मत देणं मला अवघड जाईल. अर्थात ती न कळता मत देणारे मोठेही असतातच, त्यामुळे हा मुद्दा फार ताणणार नाही.

तुमच्या घरात आमच्या वयाचं कोणी असेल आणि तुम्हाला त्याच्याशी या विषयांवर बोलायचं असेल, तर 'पेपर वाच' म्हणू नका. बातमी लागली की तिच्या आधीचं जे तुम्हाला आठवतं ते सांगा, तेही मत न देता, तेव्हा तुम्ही कुठे होता, लोक काय म्हणत होते, तुम्हाला भीती वाटली होती का. माझ्या बाबांनी मला 11 सप्टेंबर 2001 ची संध्याकाळ अशीच सांगितली, टीव्हीवर तेच तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि आवाज कमी करायचंही कुणाला सुचलं नाही, वगैरे. अफगाणिस्तान, इराक, विमानतळावरची बूट काढायला लावणारी तपासणी, हे सगळं एका धाग्यात आलं ते त्या गप्पांमुळे.

आता मीच तुम्हाला विचारते. 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली, हे मी वाचलंय. बँका का बुडाल्या हेही थोडंफार समजलंय. पण तेव्हा नोकरी करणाऱ्या साध्या माणसाला हे जागतिक आर्थिक संकट पहिल्यांदा कुठे जाणवलं, बातमीत की पगारात, हे कुठेच लिहिलेलं सापडत नाही. तुम्ही तेव्हा नोकरीत असाल तर सांगाल का?