कैरीची साल आणि अंगणातली विहीर

प्रश्न : आमचे घर रत्नागिरी तालुक्यात असून गडग्यापलीकडे हापूसची बाग आहे. मोहोर आल्यापासून तेथे वरचेवर फवारणी होते. त्याच बागेतील कैऱ्या आणि आंबे आम्ही खातो व अंगणातल्या विहिरीचे पाणी पितो. फळे मिठाच्या पाण्यात भिजवली तर औषधाचा अंश निघून जातो का? घरात लहान मुले आहेत.
— एक वाचक

उत्तर : मिठाच्या पाण्यावर फार भिस्त ठेवू नये. तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी हापूसवर फवारली जाणारी डेल्टामेथ्रिन किंवा लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिनसारखी औषधे मुख्यतः सालीच्या मेणचट थरात राहतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने त्यांचा काही अंश जातो आणि साल काढल्यावर बराचसा जातो. इमिडाक्लोप्रिड व थायामेथोक्झाम ही मात्र आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात शिरणारी औषधे असल्यामुळे गरात उतरलेला त्यांचा अंश धुऊन निघत नाही. तेथे उपयोगी पडतो तो शेवटची फवारणी आणि काढणी यांमधला प्रतीक्षा कालावधी, जो औषधाच्या माहितीपत्रकात छापलेला असतो.

पिकल्या आंब्याची साल आपण टाकून देतो, आणि प्रतीक्षा कालावधी पाळलेला असेल तर त्याची फार धास्ती नको. माझ्या मते अधिक जपायचे ते कैरीला, कारण ती फवारण्यांचा हंगाम संपण्याआधीच झाडावरून उतरते आणि लोणच्यात सालीसकट जाते. वाऱ्याने पडलेली कैरी तर कालच्या फवारणीतलीही असू शकते. बागायतदाराला औषधाचे नाव आणि फवारणीची तारीख विचारावी (शेजारधर्मात एवढे बसते), आणि तारीख कळत नसेल तर त्या कैरीचे लोणचे घालू नये. पन्ह्यासाठी कैरी उकडण्यापूर्वीच सोलावी. मुलांचे वजन कमी असल्यामुळे तेवढ्याच अंशाचा भार त्यांच्या शरीरावर अधिक पडतो.

विहिरीचा प्रश्न वेगळा आहे. आंतरप्रवाही औषधांपैकी थायामेथोक्झाम पाण्यात सहज विरघळते, आणि जांभ्याच्या भेगाळ कातळातून पाणी झपाट्याने खाली उतरते. त्यामुळे फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुणे किंवा उरलेले द्रावण तेथेच ओतणे सर्वांत घातक. पाणी उकळल्याने जंतू मरतात, कीटकनाशक जात नाही. शंका असेल तर जिवाणूंच्या नेहमीच्या तपासणीवर न थांबता कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते.

फवारणीच्या दिवशी वाऱ्याच्या बाजूची दारे-खिडक्या लावून घ्यावीत, वाळत घातलेले कपडे व उन्हातली आंबोशी आत घ्यावी आणि विहीर झाकावी. खरा धोका मात्र फवारणाऱ्या गड्याला असतो, कारण उंच कलमावर मारलेले औषध त्याच्याच अंगावर उतरते. त्याला मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ किंवा अंधूक दिसणे असा त्रास झाला, तर कपडे काढून त्याचे अंग साबणाने धुवावे आणि रुग्णालयात नेताना औषधाची बाटली लेबलासह बरोबर न्यावी, कारण उपचार औषधाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो.