शॉप, स्टोअर, गोडाउन : माल ठेवायचा की विकायचा?

प्रश्न असा आला आहे : ‘शॉप आणि स्टोअर, दोन्हींना आपण दुकानच म्हणतो, मग फरक काय? स्टोअर म्हणजे साठवणे असेल, तर दुकानाला स्टोअर का म्हणतात? आणि स्टॉक, वेअरहाऊस, गोडाउन, डेपो यांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत, की सगळ्यांना गोदाम म्हणून मोकळं व्हायचं?’

मोकळं होता येतं, पण त्यातून काय गमती होतात ते आधी सांगतो. मुद्रितं तपासताना एकदा औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर समोर आला : ‘थंड व कोरड्या जागी दुकान.’ हे दुकान नेमकं कुठे काढलंय, असा प्रश्न मला क्षणभर खरोखर पडला. मूळ इंग्रजीत ‘स्टोअर’ हे आज्ञार्थी क्रियापद होतं आणि भाषांतर करणाऱ्या माणसाने किंवा यंत्राने त्याचं नाम करून टाकलं होतं. मी ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असं केलं. ‘साठवावे’ मुद्दाम टाळलं. एक बाटली आपण साठवत नाही, ठेवतो. साठवायला राशी लागते.

स्टोअर या शब्दात साठवण आधी आली, दुकान फार नंतर. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ नव्याने उभारणे, सज्ज करणे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत त्याला ‘गरजेसाठी जमवून ठेवलेला पुरवठा’ हा अर्थ चिकटला. मग तो पुरवठा जिथे ठेवतात ती जागाही स्टोअर झाली आणि अठराव्या शतकात अमेरिकेत माल विकण्याच्या जागेला तो शब्द लागला. रिस्टोअर आणि रेस्टॉरंट हे याच कुळातले. रेस्टॉरंट म्हणजे मुळात थकल्याभागल्याला पुन्हा उभं करणारं काहीतरी, पौष्टिक सूप वगैरे.

कोठाराचं दुकान होणं ही काही इंग्रजीची खोड नाही. अरबीत ‘खजन’ म्हणजे साठवणे, त्यावरून ‘मखजन’ म्हणजे कोठार आणि ‘मखाजिन’ हे त्याचं अनेकवचन. हा शब्द इटालियन-फ्रेंच वाटेने युरोपभर फिरला. फ्रेंचमध्ये ‘मागाझाँ’ म्हणजे आज सरळ दुकान, रशियनमध्ये ‘मगझीन’ म्हणजेही दुकान. इंग्रजीत मात्र तो दारूगोळ्याच्या कोठारापाशी थांबला, म्हणून बंदुकीत काडतुसं भरतात त्या भागाला मॅगेझिन म्हणतात. पुढे १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्हने ‘जंटलमन्स मॅगेझिन’ काढलं, म्हणजे नाना तऱ्हेच्या मजकुराचं कोठार, आणि तेव्हापासून नियतकालिकालाही तोच शब्द रूढ झाला. आपला खजिना त्याच अरबी धातूपासून फारसीमार्गे आलेला. तेव्हा खजिनदार आणि मॅगेझिनचा संपादक हे शब्दांच्या नात्याने भाऊबंद लागतात.

ग्रीकांचा ‘अपोथेके’ घ्या. अर्थ : बाजूला काढून ठेवण्याची जागा. त्यातून स्पॅनिश बोदेगा निघाला, तळघरातलं मद्याचं कोठार, आणि पुढे किराणा दुकान. जर्मनमध्ये आपोथेके म्हणजे औषधांचं दुकान. फ्रेंचमध्ये झिजत झिजत त्याचा बुटीक झाला. भारी कपड्यांच्या बुटीकचं मूळ कोठारात असेल, असं त्याच्या काचांकडे बघून वाटत नाही.

आता मराठीकडे. संस्कृत ‘भाण्डागार’ म्हणजे भांडीकुंडी, सामानसुमान ठेवायची खोली. त्याचं भांडार झालं. आणि आपण काय केलं? वस्त्र भांडार, पुस्तक भांडार, ग्राहक भांडार. तिथे माल ठेवलेला असतो हे खरं, पण आपण जातो विकत घ्यायला. म्हणजे स्टोअरची वाट आणि भांडाराची वाट एकच. म्हणूनच दुकान या अर्थी स्टोअरला मराठी शब्द विचारला तर मी ‘भांडार’ सुचवतो. साठवणुकीची छटा त्यात आपसूक येते. एखादं दुकान मोठं असेल, माल तऱ्हेतऱ्हेचा असेल, तर भांडार शोभतंही. टपरीवजा जागेला भांडार म्हटलं की उगाच ऐट वाटते, तिथे दुकानच बरं.

शॉपचा उगम अगदीच साधा. जुन्या इंग्रजीत तो मांडव किंवा छपरी अशा अर्थाचा शब्द होता. जर्मनमधला शेड या अर्थाचा शब्द त्याचा नातेवाईक आहे. छपराखाली बसून कारागीर वस्तू बनवायचा आणि तिथेच विकायचा. बनवणे आणि विकणे या दोन्ही छटा शॉपमध्ये अजून टिकून आहेत आणि स्टोअरशी असलेला त्याचा फरकही इथेच सापडतो. अमेरिकन माणूस किराण्याला, पुस्तकांना, खिळेमोळ्यांना स्टोअर म्हणतो. पण केस कापतात ते बार्बर शॉप, गाडी दुरुस्त करतात ते रिपेअर शॉप, यंत्रावर सुटे भाग घडवतात ते मशीन शॉप. जिथे काही काम होतं, हातचं कसब लागतं, किंवा एकाच प्रकारचा निवडक माल असतो, तिथे शॉप. जिथे तयार माल आणून मांडलेला असतो तिथे स्टोअर. ब्रिटनमध्ये मात्र रोजच्या बोलण्यात सगळं शॉपच. मोठं बहुमजली असेल तर डिपार्टमेंट स्टोअर. कारखान्यातल्या ‘शॉप फ्लोअर’चं भाषांतर ‘दुकानाचा मजला’ असं झालेलं मी वाचलंय. तिथे कामगार यंत्रं चालवत असतात, गिऱ्हाईक फिरकत नाही.

वर्कशॉपला मराठीत कार्यशाळा म्हणतात. काहींना ते उसनं, बेतलेलं वाटतं. मला ते नेमकं वाटतं. ‘शाला’ म्हणजे संस्कृतात घर, दालन, छपराखालची जागा. गोशाळा, पाकशाळा, यंत्रशाळा यांत विद्यार्थी कुठे असतात? छपरीला शाळा, इतकं तंतोतंत भाषांतर ठरवून जमत नाही.

शॉप हे क्रियापद वापरताना जरा जपून. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ कोंडणे, तुरुंगात टाकणे असा होता. ब्रिटिश बोलीत एखाद्याला ‘शॉप’ करणे म्हणजे आजही त्याची पोलिसांकडे चुगली करणे. खरेदीला जाणे हा अर्थ अठराव्या शतकातला. शॉपिंगला मराठीत खरेदी पुरेसं आहे. दुकानदारी म्हणू नये, त्याला वेगळाच वास येतो : ‘शिक्षणाची दुकानदारी’ म्हणताना आपल्या मनात पिशव्या आणि पावत्या नसतात.

जाता जाता दुकान या शब्दाबद्दल. तो अरबी-फारसीतला, आणि अरबी ‘दुक्कान’चा जुना अर्थ बसायचा ओटा, बाक. म्हणजे इंग्रजांनी दुकानाला छपरावरून नाव दिलं आणि आपल्याकडे आलं ते ओट्यावरून.

स्टॉक या शब्दाने भाषांतरकाराचा खरा घाम निघतो. मूळ अर्थ झाडाचा बुंधा, खोड. त्यातून इतक्या फांद्या फुटल्या की एका मराठी शब्दात त्या बसवायचा हट्टच सोडावा. दुकानातला स्टॉक म्हणजे माल किंवा साठा. कंपनीचा स्टॉक म्हणजे भागभांडवल. लाइव्हस्टॉक म्हणजे पशुधन. स्टॉक आन्सर म्हणजे ठरावीक, छापील उत्तर. लाफिंग स्टॉक म्हणजे हशाचा विषय. बंदुकीचा स्टॉक म्हणजे दस्ता. आणि ‘टेक स्टॉक’ दुकानात असेल तर मालाची मोजदाद, आयुष्याबद्दल असेल तर आढावा. ‘आउट ऑफ स्टॉक’ला ‘साठ्याबाहेर’ लिहिलेलं दिसतं, ते डोळ्यांना टोचतं. ‘माल संपला’ किंवा ‘सध्या शिल्लक नाही’ असं कुठलाही दुकानदार म्हणतो, तेच लिहावं.

स्टोअरचेही असे वाक्प्रचार आहेत. ‘नशिबात पुढे काय इन स्टोअर आहे’ याला मराठीत तयार जोड आहे : ‘पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे.’ इंग्रजाने कोठारात ठेवलं, आपण ताटात.

आता गोदामाकडे. गोडाउन हा इंग्रजीने पूर्वेकडे उचललेला शब्द, मलय ‘गुदांग’वरून. ‘गो’ आणि ‘डाउन’ यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. मलयमध्येही तो दक्षिण भारतातल्या भाषांतून गेला असावा, असं मानतात. गोडाउन म्हणणाऱ्याला अमेरिकेत कोणी चटकन समजून घेणार नाही, तिथे वेअरहाऊस म्हणावं लागतं. ‘वेअर’ म्हणजे विकायचा माल. हार्डवेअर, सॉफ्टवेअरमधला तोच.

मराठीत माझी वाटणी अशी : धान्य असेल तर कोठार, घाऊक माल असेल तर गोदाम, लाकूड-कोळसा किंवा पावती देऊन दुसऱ्याचा माल सांभाळणारी जागा असेल तर वखार. वखार महामंडळ या नावात तो अर्थ आहेच. याच वखारीने इतिहासाच्या पुस्तकांत आणखी एक काम केलंय. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या ‘फॅक्टरी’ला आपण वखार म्हणतो आणि ते बरोबर आहे. फॅक्टर म्हणजे व्यापारी आडत्या, त्याचं ठाणं ती फॅक्टरी. तिथे काही बनत नव्हतं. त्या काळच्या फॅक्टरीला ‘कारखाना’ लिहिलं की घोटाळा झालाच.

डेपो हा फ्रेंच शब्द, डिपॉझिटचा सख्खा भाऊ, म्हणजे ‘ठेवलेलं’. बसगाड्यांच्या डेपोला आगार म्हणतात ते उत्तम. भाण्डागारातला शेवटचा तुकडा तिथे स्वतंत्रपणे नांदतोय.

उरला स्टोअरकीपर, ज्यावर माझं आणि एका सहकाऱ्याचं अर्धा दिवस वाजलं होतं. त्याने ‘भांडारपाल’ लिहिलं होतं, मी खोडून ‘दुकानदार’ केलं. मजकूर अमेरिकन कथेचा होता, म्हणून मी जिंकलो. तोच शब्द जहाजाच्या किंवा कारखान्याच्या कागदात आला असता, तर त्याचा भांडारपालच बरोबर ठरला असता.