दुबईतली युरो ६ गाडी पुण्यात पासिंग होईल का?

तुमची गाडी दुबईत घेतलेली, दोन वर्षांची, इंजिन युरो ६ (धुराचा युरोपीय मापदंड). कायमचं परतताना ती सोबत आणायची आणि पुण्यात पीयूसी काढून पासिंग करून घ्यायचं, असा तुमचा बेत दिसतो. आयात गाड्यांच्या कागदपत्रांशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून स्पष्टच सांगतो: आणू नका.

धुराचा विषय निघायच्या आधीच ही गाडी अडेल. दुबईत स्टिअरिंग डावीकडे असतं. आपल्याकडे जुनी कार आयात करायची तर स्टिअरिंग उजवीकडेच हवं, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा आणि उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षं उलटलेली नकोत. 'इथे आणून स्टिअरिंग बदलून देतो' म्हणणारे एजंट भेटतील. पण अट आयातीच्या वेळी पाहिली जाते, नंतर गॅरेजमध्ये काय करणार याला कस्टम्समध्ये काही किंमत नाही.

आता पीयूसीबद्दल, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. पीयूसी ही रस्त्यावर आधीच धावत असलेल्या गाडीची जुजबी तपासणी आहे. नव्या गाडीला तर पहिलं वर्षभर ती लागतही नाही. नोंदणीसाठी लागतं ते मॉडेलचं प्रमाणपत्र, ज्याला टाइप अप्रूव्हल म्हणतात. कंपनी बाजारात आणण्याआधी मॉडेल गाड्यांची चाचणी करणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेकडे देते (हो, पुणेकर सकाळी फिरायला जातात त्या टेकडीवरचीच एआरएआय). तिथे ठरलेल्या चक्रानुसार, म्हणजे वेग कमीजास्त करण्याच्या ठराविक क्रमाने, गाडी रोलरवर चालवून धुरातले घटक ग्रॅम-मिलिग्रॅममध्ये मोजतात. मग त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीसाठी कंपनी फॉर्म २२ देते: प्रदूषण, सुरक्षा आणि रस्त्यावर चालण्याची योग्यता यांची हमी. शोरूममधून गाडी घेताना हा कागद आपल्या नजरेसही पडत नाही. डीलर परस्पर आरटीओचं काम उरकतो, म्हणून वाटतं की नव्या गाडीला कुणी काही विचारतच नाही.

बाहेरून आलेल्या एकट्यादुकट्या गाडीमागे अशी कंपनी उभी नसते, सगळं मालकालाच सिद्ध करावं लागतं. जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आणता येते. आयातीच्या तारखेपासून निदान पाच वर्षं ती रस्त्यावर चालवण्यालायक राहील आणि तेवढा काळ देशात तिची सर्व्हिसिंग होईल, हे प्रमाणपत्रासह दाखवावं लागतं. गाडी उतरल्यावर एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या (पूर्वीचं अहमदनगर) व्हीआरडीईसारख्या संस्थेकडून तपासणी. त्यानंतर आरटीओ, तिथे कस्टम्सचा दाखलाही द्यावा लागतो. शिवाय सीमाशुल्क आणि इतर कर मिळून गाडीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त रक्कम जाते, ते वेगळंच.

युरो ६ म्हणजेच बीएस ६ (धुराचा आपल्याकडचा मापदंड), असं तुम्ही गृहीत धरलंय. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा पाहिली तर सारखीच आहे: पेट्रोलला किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅम, डिझेलला ८०. पण चाचणीचं चक्र वेगळं. बीएस ६ साठी वापरलेल्या भारतीय चक्रात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, युरोपातल्या चक्रात तो बराच वर जातो. २०२३ पासून आपल्याकडे प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचीही अट आली. त्यामुळे परदेशी कागदावरचं 'युरो ६' आरटीओच्या खिडकीवर तसंच्या तसं चालत नाही. आणि बीएस ६ खालच्या गाडीला पळवाट शोधण्यात अर्थ नाही. बीएस ४ गाड्यांची विक्री आणि नोंदणी १ एप्रिल २०२० पासून बंद, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगून टाकलं होतं.

ब्रिटन, जपान किंवा सिंगापूरची गाडी असती तर निदान स्टिअरिंगची अडचण नसती आणि आपण बाकीचा हिशेब मांडून बघितला असता. तुमच्या गाडीचं मात्र तिकडेच गिऱ्हाईक बघा, तेही निघायच्या बरंच आधी. व्हिसा संपत आलाय हे कळलं की समोरचा भाव पाडणारच.