क्रॅक केलेलं ऑटोकॅड वापरलं तर नेमका धोका काय?

ऑटोकॅड हे ड्रॉइंग आणि प्लॅन काढायचं सॉफ्टवेअर; क्रॅक म्हणजे ते लायसन्सशिवाय चालवणारी फाइल. तिच्यासोबतच्या सूचना वाचून बघा: आधी अँटीव्हायरस बंद करा, मग फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात घराच्या किल्ल्याच! ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले तरी स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

शिवाय ड्रॉइंगच्या फोल्डरमधूनही लागण होते. २०१२ मध्ये सापडलेला 'मेड्रे' हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) 'अकॅड.एफएएस' नावाच्या छोट्या फाइलमधून पसरायचा. ड्रॉइंग उघडलं की तीही चालायची. मुख्यतः पेरूमधली हजारो ड्रॉइंग्ज त्याने चीनमधल्या ईमेल खात्यांवर पाठवली. क्लायंटच्या प्लॅनचं असं झालं तर त्याला काय तोंड दाखवणार?

विद्यार्थी असाल तर ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीचं शैक्षणिक लायसन्स फुकट मिळतं. क्रॅक आधीच टाकलं असेल, तर पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि विंडोज नव्याने टाका.