रायफल खाली घ्यायची लाज

प्रश्न : मॅडम, मी १७ वर्षांची आहे, कराडला राहते आणि १० मीटर एअर रायफल करते. सरावात ६० शॉटना माझे ६५४ पैकी ६२२-६२३ पडतात. पण आतापर्यंतच्या तिन्ही मोठ्या मॅचमध्ये ६१० च्या आसपासच अडकले. सुरुवात बरी होते. शेवटच्या वीस शॉटमध्ये छाती धडधडते, हात थरथरतो आणि दहाऐवजी एकापाठोपाठ नऊ जायला लागतात. सर म्हणतात, तू मनाने कच्ची आहेस. मन खंबीर करायला रोज काय करू? ध्यान करून पाहिलं, पण झोप लागते.

उत्तर : झोप लागते हे वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी रेंज, त्यावर डोळे मिटून बसायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? ध्यान तूर्त राहू दे.

‘मनाने कच्ची’ हे मला काही पटलं नाही. तुझ्या पत्रात एक गोष्ट आलेली नाही, तीच विचारते. मॅचमध्ये तू रायफल खाली किती वेळा घेतेस? म्हणजे गाल टेकवला, श्वास सोडला, नेम काही बसेना, म्हणून ट्रिगर न दाबता रायफल परत स्टँडवर ठेवली, असं किती वेळा? शेवटच्या वीस शॉटमध्ये बहुतेक एकदाही नाही.

हे मी स्वतःवरून सांगते. आमच्या वेळी मुलींना ४० च शॉट असायचे (६० झाले ते २०१८ पासून) आणि टार्गेट कागदाचं. एका राज्य स्पर्धेत माझा ३७ वा शॉट. रायफलच्या पुढच्या टोकाला नेमासाठी असलेल्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल थांबायलाच तयार नाही. आतून कोणीतरी सांगत होतं, खाली घे. पण त्याआधीच दोनदा घेतली होती. मागे खुर्च्यांवर बसलेली माणसं ‘हिला जमत नाहीये’ म्हणत असणार, असं वाटलं आणि ओढला ट्रिगर. सात! मॅच संपल्यावर मागे वळून बघते तर एक काका पेपर वाचतायत आणि दोघं डबा उघडून बसलेत.

म्हणजे मला नडली ती लाज. भीती होतीच, ती सगळ्यांनाच असते.

आता हिशेब बघ. ६० शॉटना ७५ मिनिटं, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. चांगला शॉट उचलण्यापासून सुटेपर्यंत फार तर अर्धं-पाऊण मिनिट घेतो. दहा-बारा वेळा रायफल खाली घेतलीस तरी वेळ उरतो. उलट होल्ड, म्हणजे नेम धरून थांबणं, आठ-दहा सेकंदांच्या पुढे गेला की डोळा थकतो, श्वास कमी पडतो, आणि मग जो सुटतो तो नऊच.

म्हणून रोजच्या सरावाच्या सुरुवातीला हे कर : वीस वेळा रायफल उचल, पूर्ण नेम धर, बोट ट्रिगरवर ने आणि वीसही वेळा न मारता खाली ठेव. पहिले चार दिवस अंगावर येईल. माझ्या सरांनी मला हे महिनाभर करायला लावलं होतं, तेव्हा मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे छापता यायचं नाही. पण महिन्याने रायफल खाली घेणं म्हणजे हरणं हे डोक्यातून गेलं.

दुसरं, तुझ्या शॉटच्या पायऱ्या ठरव आणि त्यांना शब्द दे. माझे तीन होते : गाल, श्वास, बोट. ‘नऊ मारायचा नाही’ असं म्हणत बसलीस तर डोक्यात नऊच राहतो.

पायऱ्यांचं महत्त्व किती, तर अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सचं बघ. २००४, अथेन्स ऑलिम्पिक, ५० मीटर थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या रायफलची) फायनल. शेवटचा एक शॉट बाकी आणि हा तीन गुणांनी पुढे. साधा आठ मारला असता तरी सोनं होतं. गोळी लागली ती शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. शून्य, थेट आठवा नंबर. एरवी तो आधी टार्गेटवरचा लेन नंबर बघायचा आणि मग खाली नेमावर यायचा. त्या वेळी स्वतःला शांत करण्याच्या नादात नंबर बघायचाच राहिला. कच्चा म्हणशील त्याला? २००८ मध्ये बीजिंगला पुन्हा शेवटच्या शॉटला पुढे असताना बोट आधीच ट्रिगरला लागलं, ४.४ गेला आणि तो चौथा आला. तरी २०१२ ला लंडनमध्ये त्याच प्रकारात ब्राँझ घेतलं.

धडधड थांबवायला जाऊ नकोस, ती थांबत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ मिळवताना सकाळपासून फक्त काळ्या चहावर होता, पोटात नुसता गोळा. त्याच्या आदल्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पुढे असताना ७.६ जाऊन तो चौथा आला होता. म्हणजे धडधडीची आणि त्याची जुनी ओळख. ही ओळख सरावात करून घ्यायची. आमच्या रेंजच्या मागच्या मैदानात गणपतीआधी ढोल-ताशा पथकाचा सराव चालतो. पोरं खिडक्या लावायला धावतात, मी उघडायला लावते. शनिवारी ‘थंडा शॉट’ असतो : आल्या आल्या, साईटर (गुण न धरता नेम जुळवायचे शॉट) नाही, सगळे मागे उभे, प्रत्येकी एकच शॉट. सर्वात कमी ज्याचा, त्याने सगळ्यांना वडापाव. वडापावसाठी हात किती थरथरतात ते येऊन बघ एकदा.

वहीत रोज स्कोअर लिहीत असशील. त्याच्या शेजारी आज रायफल किती वेळा खाली घेतली तेही लिही. दोन महिन्यांनी मला कळव. मात्र मॅच नसतानाही झोप उडत असेल, जेवण जात नसेल, तर घरी सांग आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञाला भेट. तिथे माझा सल्ला पुरायचा नाही.

प्रश्न : माझा १४ वर्षांचा मुलगा नेमबाजी करतो. मॅचला मी मागे उभा राहून त्याला खुणेने धीर देतो. योग्य आहे का? (एक वडील, नाशिक)

उत्तर : नाही. बसा, पेपर न्या सोबत. वरच्या उत्तरातल्या काकांचे माझ्यावर उपकारच आहेत, हे मला फार उशिरा कळलं. आणि तो बाहेर आला की ‘किती पडले?’ विचारू नका. भूक लागली का विचारा. स्कोअर तो सांगेल, नाही सांगितला तर बोर्डावर लागतोच.