अकरा पीडीएफ आणि एक प्रश्नपत्रिका

पत्र: मी नाशिकला एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षीचा प्रकल्प अहवाल लेटेकमध्येच, म्हणजे आज्ञा टाइप करून पानं जुळवायच्या प्रोग्राममध्येच, करायचा, असं सरांनी सांगितलंय. दोन महिन्यांपासून पुस्तकं शोधतेय. अकरा पीडीएफ उतरवून घेतल्या, यूट्यूबवरच्या तीन मालिका सुरू करून सोडल्या, सावानातही (सार्वजनिक वाचनालयात) जाऊन आले. जो तो वेगळंच सांगतो. एक क्लासवाले सहा आठवड्यांचे ९,००० रुपये मागतायत, शेवटी सर्टिफिकेट देतात. बाबांचं अशोक स्तंभाजवळ डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, क्लासेसच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला मी तिथे मदत करते. बाबा म्हणतात, यातून पुढे काम मिळणार असेल तर पैसे भरू. क्लास लावू का? कोणतं पुस्तक घेऊ? आणि यात करिअर होतं का?

उत्तर:

क्लास लावू नकोस. ते नऊ हजार तूर्त बाबांकडेच राहू देत. लेटेकचं सर्टिफिकेट कुणी विचारत नाही. प्रकल्पाचे परीक्षक असोत की छपाईची कंपनी, सगळे तू केलेली फाइल आणि तिची पीडीएफ बघतात. आणि शिकायला जे लागतं ते जवळजवळ सगळं फुकट आणि रीतसर मिळतं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात अकरा पीडीएफ आहेत, तीन मालिका आहेत, वाचनालयाची फेरी आहे, पण तू स्वतः टाइप केलेलं एक पान कुठे दिसलं नाही. हे मी रागावून लिहीत नाहीये. मी स्वतः याच वाटेने गेलेय. ग्रंथालयातलं सगळ्यात जाड पुस्तक घरी आणलं, तीन आठवडे निष्ठेने वाचलं, आणि फाइल उघडली तेव्हा साधं शीर्षक मधोमध आणता येईना. अक्षरजुळणी हे हाताचं काम आहे. बाबांना विचारून बघ, पानं जुळवायचा तो पेजमेकर कोणत्या पुस्तकातून शिकलात? बहुतेक सांगतील, पहिली लग्नपत्रिका आली आणि शिकलो.

तेव्हा कोणतं पुस्तक हे ठरवायच्या आधी काय छापायचंय ते ठरव. प्रकल्प अहवाल अजून वर्षभर लांब आहे. दुकानातली प्रश्नपत्रिका मात्र आजच समोर आहे.

सरांचा हाताने लिहिलेला कागद येतो. त्यात एक अपूर्णांक असतो: वर एक्सचा वर्ग अधिक एक, खाली एक्स वजा दोन. पेजमेकरमध्ये तो कसा बसवतात ते तू पाहिलं असशील. अंश एका चौकटीत, छेद दुसऱ्या चौकटीत, आणि मधे ओढलेली रेघ. मग सरांचा फोन येतो, दुसऱ्या प्रश्नात एक ओळ वाढवा. मजकूर खाली सरकतो आणि रेघ होती तिथेच राहते. लेटेकमध्ये तू बॅकस्लॅश देऊन फ्रॅक लिहितेस, एका महिरपी कंसात अंश, दुसऱ्यात छेद. रेघ किती लांब, अंश किती वर, हे तो बघतो. मजकूर कुठेही जाऊ दे, अपूर्णांक त्याच्याबरोबर जातो. प्रश्नांचे क्रमांकही आपण टाइप करायचे नाहीत. तिसरा प्रश्न गाळला की चौथा आपोआप तिसरा होतो. 'वरील प्रश्न ४ पाहा' हा उल्लेख लेबल लावून केला असेल तर तोही बदलतो, फक्त त्यासाठी फाइल दोनदा कंपाइल करावी लागते, म्हणजे तिच्यातून पीडीएफ दोनदा काढावी लागते. पहिल्या फेरीत तो क्रमांक लिहून ठेवतो, दुसऱ्या फेरीत वापरतो. हे माहीत नसल्यामुळे क्रमांकाच्या जागी प्रश्नचिन्हं बघून घाबरलेले विद्यार्थी माझ्याकडे आले आहेत.

आता पुस्तकं. दुकानात ठेवायला पुस्तक म्हणून मी एकच सांगेन: टोबियास ओटिकर आणि सहकाऱ्यांची 'नॉट सो शॉर्ट इंट्रोडक्शन', जिला सगळे एलशॉर्ट म्हणतात. दीडशेच्या आसपास पानं, फुकट, आणि वेळोवेळी सुधारलेली. तुझ्या अकरांमध्ये ती नक्की असेल. उपशीर्षकात 'इतक्या मिनिटांत' असं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नकोस. पहिली दोन प्रकरणं आणि गणिताचं प्रकरण, एवढंच आधी वाच, बाकीचं अडेल तेव्हा. गणितासाठी सोबत अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची छोटी मार्गदर्शिका ठेव. समीकरणं एकाखाली एक बरोबरच्या चिन्हाशी कशी जुळवायची, मॅट्रिक्स कसा मांडायचा, हे तिच्यात थोडक्यात आणि अचूक आहे.

पडद्यावर बघूनच कळत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाची लेटेक मालिका घे. हा प्रकल्प मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये ट्यूटोरियल तयार करतो, आणि एकेक भाग साधारण दहा मिनिटांचा असतो. त्यांची पद्धत मला फार पटते: अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर आपली फाइल, आणि ते करतील ते लगेच आपण करायचं. तू ज्या तीन मालिका सोडल्यास त्या बहुधा मोबाइलवर, झोपायच्या आधी बघितल्या असशील. तशा कोणत्याच मालिकेतून हे येणार नाही.

आपल्या देशातही हे काम जुनं आहे. तिरुवनंतपुरमच्या भारतीय टेक (लेटेक ज्यावर उभा आहे तो मूळ प्रोग्राम) वापरकर्ता संघाने २००३ साली एक प्राथमिक पुस्तिका काढली, तीही फुकट मिळते. शिक्षकाने फळ्यावर शिकवावं तशी ती पायरीपायरीने जाते. तुझ्यासारख्या गणिताच्या विद्यार्थिनीला तिची चाल आवडेल, पण वीसहून अधिक वर्षांपूर्वीची आहे हे लक्षात ठेवून वाच.

'जो तो वेगळंच सांगतो' असं तू लिहिलंस त्याचं मूळ इथेच आहे. तुझ्या पीडीएफ वेगवेगळ्या काळातल्या आहेत. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं १९७७ मध्ये आली, त्यातली छपाई इतकी उतरलेली होती की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला. तो टेक. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात त्यावर सोप्या आज्ञांचा थर चढवला, तो लेटेक. आज आपण वापरतो ती आवृत्ती १९९४ ची, पण तिच्यात सतत भर पडत राहिली. त्यामुळे नूथ यांचं १९८४ चं टेकबुक हाती लागलं तर ते बाजूला ठेव. पुस्तक थोर आहे, पण तुझ्या आत्ताच्या कामाचं नाही.

एखादी पुस्तिका किती जुनी ते पटकन ओळखायच्या खुणा सांगते. समीकरणांसाठी 'ईक्यूएनअ‍ॅरे' वापरायला सांगत असेल तर मिटव. त्यात बरोबरच्या चिन्हाभोवतीची जागा बिघडते, आणि एएमएसमॅथ पॅकेजमधलं (पॅकेज म्हणजे वरून जोडायचा आज्ञांचा संच) 'अलाइन' केव्हाच त्याच्या जागी आलंय. ठळक अक्षरासाठी नुसतं बॅकस्लॅश बीएफ सांगत असेल तरी जुनी. यूटीएफ-८ साठी (युनिकोड अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीसाठी) वेगळं पॅकेज लावायलाच हवं असं बजावत असेल तर ती २०१८ च्या आधीची, कारण तेव्हापासून लेटेक ते गृहीतच धरतो. एवढ्या तीन चाळण्या लावल्यास तर अकरामधल्या निम्म्या तरी गळतील. विकतच्या पुस्तकांच्या चोरून स्कॅन केलेल्या प्रती असतील तर त्याही काढून टाक. बाबांचं पोट छपाईवर आहे, तुला हे जास्त सांगायला नको.

विकत घ्यायचंच झालं तर 'लेटेक कम्पॅनियन'. त्याची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये दोन जाड भागांत आली. पण ते शब्दकोशासारखं वापरायचं पुस्तक आहे आणि महागही आहे. घरी घेऊ नकोस, विभागाच्या ग्रंथालयाला मागणीपत्र दे. सावानात ते मिळालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, असल्या पुस्तकांची जागा कॉलेजच्या विभागातच असते.

शोधताना नुसतं लेटेकचं इंग्रजी स्पेलिंग टाकलंस तर रबराचे हातमोजे आणि भिंतींचे रंग येतात. सोबत 'डॉक्युमेंट', 'पॅकेज' किंवा अडलेली आज्ञा टाक. आणि प्रोग्राम संगणकावर बसवलास की 'टेक्सडॉक' नावाची सोय येते. कमांड प्रॉम्प्टवर ते आणि पुढे पॅकेजचं नाव लिही, त्या पॅकेजची अधिकृत पुस्तिका तिथेच उघडते, इंटरनेटशिवाय. सुरुवात ब्राउझरमधल्या ओव्हरलीफवर कर. फुकट खात्यात कंपाइलच्या वेळेला मर्यादा आहे, पण प्रश्नपत्रिकेला पुरतं. मग दुकानातल्या संगणकावर मिकटेक किंवा टेक लाइव्ह यांपैकी लेटेकचा एक संच बसव. टेक लाइव्हचा पूर्ण संच काही जीबींचा आहे, रात्री दुकान बंद करताना लावून ठेव.

पहिल्याच दिवशी दोन ठिकाणी अडशील. शेकडा नफ्याचं उदाहरण असेल आणि तू २० नंतर टक्क्याचं चिन्ह टाकशील, तर त्या ओळीचा पुढचा मजकूर छापलाच जाणार नाही. चूकही दाखवणार नाही. लेटेकच्या लेखी टक्क्यापुढचं सगळं टिपण असतं. त्याच्या आधी बॅकस्लॅश दे. दुसरं, साध्या मजकुरात अंडरस्कोर आला की 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' असा ओरडा होईल. म्हणजे गणिताचं चिन्ह गणिताबाहेर आलंय. चुकांची यादी वीस ओळींची दिसली तरी फक्त पहिली चूक दुरुस्त कर आणि पुन्हा चालव. पुष्कळदा उरलेल्या एकोणीस तिच्याच पोरी असतात.

मराठीबद्दल तू विचारलं नाहीस, पण नाशिकमध्ये राहून हे काम करायचं तर प्रश्नपत्रिका मराठीतही येणार. त्यासाठी झीलेटेक किंवा लुआलेटेक ही लेटेकची युनिकोड फॉन्ट चालवणारी रूपं वापर आणि युनिकोड फॉन्ट घे. आयआयटी मुंबईचा शोभिका फुकट आहे आणि छपाईत देखणा दिसतो. फॉन्ट जोडताना लिपी देवनागरी असं सांगायला विसरलीस तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरं फुटतात. भाषा मराठी असंही सांग. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. लुआलेटेकमध्ये अक्षरं जोडून दाखवणारा हार्फबझ रेंडरर निवडावा लागतो. बाबांच्या श्रीलिपीतल्या (युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या) जुन्या फायली मात्र तशाच चिकटवता येणार नाहीत, त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील. बदलल्यावर रफार आणि अनुस्वार नीट तपास, तिथेच गडबड होते.

आता करिअर. तुला आणि बाबांना खरं सांगायला हवं: नुसत्या लेटेकवर घर चालत नाही. पण गणित समजणाऱ्या माणसाच्या हातात लेटेक असेल तर काम आहे. परदेशी प्रकाशकांच्या शोधनियतकालिकांची जुळणी चेन्नई, पुद्दुचेरी, तिरुवनंतपुरम अशा शहरांतल्या कंपन्या करतात. तिथे लेटेकबरोबर एक्सएमएल (मजकुराच्या भागांना खुणा लावून ठेवायची पद्धत) यावं लागतं, कारण एकाच मजकुरातून छापील पान आणि वेबचं पान दोन्ही काढायचं असतं. दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला समीकरण वाचता येईल अशी पीडीएफ बनवणं, हे काम पुढे वाढेल असं मला वाटतं. युरोपात जून २०२५ पासून ई-पुस्तकांनाही सुलभतेचा कायदा लागू झालाय, आणि लेटेकचे विकसकही त्याच दिशेने काम करतायत. शिकवण्याकडे वळलीस तरी हे फुकट जाणार नाही. वेबवर गणित दाखवणारं मॅथजॅक्स, मजकूर आणि प्रोग्राम एकत्र लिहायची ज्युपिटर नोटबुक, अगदी वर्डचा समीकरणाचा भाग, सगळे हीच भाषा ओळखतात. नाशिकमध्येच पीएच.डी.च्या प्रबंधांची मांडणी करून देण्याचं कामही मिळेल. मांडणी जरूर कर. मजकूर लिहून मागितला तर कितीही पैसे दिले तरी नाही म्हण.

आणि या सगळ्यात तुझ्याजवळ एक गोष्ट आहे जी तुझ्या वर्गात बहुतेक कुणाकडे नसेल, ती म्हणजे बाबांची नजर. परिच्छेदाची एकच ओळ नव्या पानावर लोंबकळतेय, बांधणीच्या बाजूचा समास कमी पडलाय, सोळा पानांच्या फर्म्यात दोन पानं कोरी राहतायत, हे त्यांना एका नजरेत दिसतं. लेटेक ओळी तोडताना अख्खा परिच्छेद एकत्र विचारात घेतो, म्हणून शब्दांमधली जागा एकसारखी दिसते. तरीही कधी एखादा शब्द समासाबाहेर जातो आणि लॉगमध्ये 'ओव्हरफुल एचबॉक्स' असा इशारा येतो. तो इशारा बहुतेक विद्यार्थी वाचतसुद्धा नाहीत. बाबांनी तो शब्द छापलेल्या कागदावरच पकडला असता.

तेव्हा या आठवड्यात दुकानात आलेली एक प्रश्नपत्रिका घे, लेटेकमध्ये कर, प्रिंट काढ आणि काही न सांगता बाबांच्या हातात लाल पेन दे. ते जिथे जिथे खूण करतील ती प्रत्येक खूण एलशॉर्टमध्ये किंवा टेक्सडॉकमध्ये शोधून दुरुस्त कर. दोन्ही पीडीएफ, खुणांआधीची आणि नंतरची, जपून ठेव. दोन वर्षांनी कुठे अर्ज करशील तेव्हा त्या सोबत जोडता येतील.